दोरीवरच्या दोनशे बारा चिठ्ठ्या

बाईंचं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं, जुन्या घडीवरच पुन्हा घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि अकरा महिने उत्तर दिलं नाही.

अकरा महिन्यांत एखादं लांबलचक, अवघड, माणसाचं डोकं फिरवणारं पत्रसुद्धा निकालात निघतं. हे तर सहा ओळींचं होतं. छापखान्यात एकवीस वर्षं बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसून प्रुफं तपासायच्या. मीही तपासायचो. फरक एवढाच की त्या निवृत्त झाल्यावर कोशाच्या संपादक झाल्या आणि मी निवृत्त झाल्यावर घरी आलो. आपल्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश त्या करत होत्या. पत्रात लिहिलं होतं : ‘“ल” वर्षभरात छपाईला जाईल. “लाइन” हा शब्द तुमच्यासाठी ठेवला आहे. तो बोलणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्या माणसाचा शब्द आहे. करणार का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. वर्ष संपेपर्यंत वाट पाहीन. नंतर तो प्राध्यापकांना द्यावा लागेल.’

प्राध्यापकांना मी ओळखतो. चार जुने कोश समोर ठेवून ते पाचवा तयार करतात. गेल्या तीस वर्षांत स्वतःच्या आवाजाखेरीज त्यांच्या कानावर दुसरं काही पडलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी ‘लाइन’ म्हणजे ‘रेषा, ओळ, रांग’ असं लिहून हात झटकले असते, आणि पुढची पन्नास वर्षं लोकांनी तेच खरं धरलं असतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या. माझ्या हातचं असं एक पानही कुठे नाही. हे एक पान बाईंनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. म्हणजे उत्तर उघडच ‘हो’ होतं.

तरीही मी बसलो. कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली (मी पेन्सिलनंच लिहितो, शाईला स्वतःवर विश्वास लागतो) आणि ‘हो’ लिहिलं. वाचून पाहिलं. फार उद्धट वाटलं. खोडलं. ‘आपल्या आज्ञेप्रमाणे प्रयत्न करीन’ असं लिहिलं. हे अगदीच भित्रं वाटलं. शेवटी मी ठरवलं की आधी काम करायचं आणि मग, ते जमलंच, तर उत्तर द्यायचं. हे ऐकायला तत्त्वासारखं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर ते इतके महिने टिकलं.

बाईंची कामाची पद्धत मला ठाऊक होती. शब्दाचा प्रत्येक वापर वेगळ्या चिठ्ठीवर घ्यायचा. चिठ्ठीवर वर शब्द, खाली माणसानं जसं उच्चारलं तसं पूर्ण वाक्य, त्याखाली कोण बोललं, कुणाशी, कुठे, तारीख, वेळ, अर्थ आणि कोपऱ्यात नंबर. नाव लिहायचं नाही. धंदा किंवा नातं लिहायचं. वाक्य घरी बसून रचायचं नाही. ‘रचलेलं वाक्य म्हणजे मेणाचं फळ,’ असं बाई म्हणायच्या.

इथे माझी पंचाईत झाली. वाक्यं ऐकायची तर माणसांत जावं लागतं, आणि माणसांत गेलो की मी भिंतीशी उभा राहतो. पहिल्या तीन आठवड्यांत सहा चिठ्ठ्या झाल्या. सहाही आमच्या हिच्या. ‘ती पुस्तकं एका लाइनीत लावा’ ही पहिली, आणि ‘निवृत्त झाल्यापासून तुमची लाइनच बिघडलीय’ ही सहावी.

मग एक शोध लागला. कामाला लागलेला माणूस आपणहून बोलतो. त्याला काही विचारावं लागत नाही. फक्त त्याला काम द्यावं लागतं. वीजवाल्याला बोलावलं. ‘लाइन आली का बघा’, ‘ही लाइन वरून घेऊ’, ‘तुमची आमची लाइन एकच आहे, काका, आमचे वडीलही वाचायचे’ अशी तीन वाक्यं मिळाली. त्या बदल्यात आमच्या पुस्तकांच्या कपाटामागे आजही एक बटण आहे. ते दाबलं की काहीही होत नाही. न्हाव्याकडे मी महिन्यातून तीनदा जाऊ लागलो. माझ्या डोक्यावर काय आहे ते त्याला माझ्याइतकंच दिसत होतं. तिसऱ्या खेपेला त्यानं कात्री हातात धरून अतिशय अदबीनं विचारलं, ‘आज कुठून काढू?’ मी म्हणालो, ‘जिथे सापडेल तिथून.’ पण कल्ल्यांच्या लाइनीबद्दल तो शेजारच्या खुर्चीवाल्याशी जे बोलला ते मात्र अमूल्य होतं.

दवाखान्यात मी रक्त तपासून घेतलं. गरज नव्हती. तिथे एक नर्स दुसरीला म्हणाली, ‘चार नंबरच्या पेशंटची लाइन ब्लॉक झालीय, दुसऱ्या हाताला लाव.’ शिरेत लावलेली नळी, हा अर्थ कुठल्याच कोशात नव्हता! मला इतका आनंद झाला की रक्तदाब वाढला आणि त्यांनी मला अर्धा तास आडवं करून ठेवलं. सरकारी कचेरीत रांगेत उभा राहिलो, पाऊण तासानं खिडकीशी पोचलो. कारकुनानं विचारलं, ‘काय काम आहे?’ मी म्हणालो, ‘काही नाही.’ तो म्हणाला, ‘मग लाइनीत कशाला उभे होतात?’ मी तिथेच पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. त्यानं शिपायाला हाक मारली.

बाकीच्या चिठ्ठ्या आमच्या इमारतीनं दिल्या. आमचा जिना दर दोन मजल्यांमध्ये वळतो आणि वळणावर एक रुंद पायरी आहे. गुडघे दुखतात या निमित्तानं मी काठी घेऊन तिथे बसायचो. घरात जे बोलता येत नाही ते लोक जिन्यात येऊन फोनवर बोलतात, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. साडेदहा महिन्यांत दोनशे बारा चिठ्ठ्या झाल्या. बुटांच्या खोक्यात नीट बसल्या.

तेव्हा थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण पाण्याच्या लाइनीची माझ्याकडे एकच चिठ्ठी होती, आणि प्राध्यापकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं असतं असं मला वाटू लागलं. वर्ष संपायला बारा दिवस उरले होते. मी प्लंबरला बोलावलं.

हा प्लंबर अबोल म्हणून प्रसिद्ध आहे. माणसांशी तो बोलतच नाही, नळांशी बोलतो. त्यानं पिशवी खाली ठेवून मला विचारलं, ‘काय होतंय?’

‘नळ जरा... आवाज करतो,’ मी म्हणालो.

त्यानं नळ सोडला. बंद केला. पुन्हा सोडला. नळ इतका गुणी निघाला की मलाच त्याची दया आली.

‘हा आवाज करतो?’

‘कधी कधी. मूड असला की.’

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पान्हा लावला. ‘चल रे बाबा, उघड,’ तो नळाला म्हणाला. नळ उघडला तो कायमचाच. हातातला तुकडा वर धरून प्लंबरनं तो उजेडात पाहिला. मग भिंतीला कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा.

‘काका, नळाचं काही नाही. तुमची आतली लाइनच गेलीय.’

मी खिशातल्या कागदावर लिहिलं. ‘कुठपर्यंत?’

‘भिंत फोडल्याशिवाय कसं सांगणार?’

आता इथे कुणीही ‘नको’ म्हटलं असतं. मला ते जमत नाही. शिवाय, खरं सांगतो, भिंत फोडायची म्हणजे आणखी निदान पाच-सहा वाक्यं मिळतील असा एक क्षुद्र विचार मनात येऊन गेला. ही बाहेरून म्हणाली, ‘अहो, चांगला चालणारा नळ होता तो!’ तोवर छिन्नीचा पहिला घाव बसला होता.

तिसऱ्या घावाला सेक्रेटरी दारात उभे.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आणि मी यांच्यामध्ये एक जुनं दुखणं आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी फलकावर एक नोटीस लावली होती. तिच्यात चौदा चुका होत्या. मी सवयीनं खिशातलं लाल पेन काढलं आणि समासात खुणा केल्या. लाल पेनचं सोपं असतं. ते दुसऱ्यांच्या लिहिण्यावर चालवायचं असतं. वाईट हेतू नव्हता. समोर चूक दिसली की माझा हात आपोआप जातो, जसा काहींचा पाठ खाजवायला जातो. त्या दिवसापासून मी इमारतीत ‘लाल पेन’ झालो.

‘काय हो लाल पेन, भिंत फोडायची परवानगी घेतलीत?’

‘लहानशीच फोडतोय,’ मी म्हणालो.

‘भिंत लहान नसते. अर्ज द्या. तीन प्रती. सोबत पाणीखात्याचा दाखला. आणि अर्ज शुद्ध हवा,’ असं म्हणून त्यांनी प्लंबरला थांबवलं. प्लंबरनं पाइपाच्या तोंडात एक चिंधी कोंबली, तिला ‘हलू नकोस गं’ असं बजावलं आणि तो गेला.

अर्ज मी त्याच संध्याकाळी दिला; पण दाखल्यासाठी गेलो तर पाणीखात्यात चार नंबरच्या खिडकीनं मला दोन नंबरला पाठवलं, दोन नंबरनं तीनला, आणि तीन नंबर जेवायला गेले होते. तिसऱ्या दिवशी तीन नंबर भेटले. त्यांनी विचारलं, ‘गळती आधीची आहे की फोडल्यानंतरची?’

मी प्रामाणिकपणे म्हणालो, ‘फोडल्यानंतरची.’

‘मग आमच्याकडे नाही. आमच्याकडे आधीची.’

‘आधी गळत नव्हती.’

‘मग फोडली कशाला?’

या प्रश्नावर माझ्याकडे जे खरं उत्तर होतं ते खिडकीतून सांगण्याजोगं नव्हतं. मी मान खाली घालून घरी आलो.

घराला कुलूप होतं. दाराखालून पाणी आलेलं होतं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं, आणि आमच्या इमारतीत दुपारी बाराला जिना रिकामा असणं ही गोष्ट मला आगीच्या बंबापेक्षा भयंकर वाटते. वर गच्चीवरून आवाज येत होते. मी गुडघे विसरून चढलो.

झालं होतं असं : चिंधी सुटली होती. पाणी घरातल्या बोळाच्या कपाटात शिरलं आणि तळच्या कप्प्यातला खोका भिजला. आमच्या हिनं आयुष्यात भिजलेली प्रत्येक वस्तू एकाच उपायानं बरी केली आहे. तिनं दोनशे बारा चिठ्ठ्या बादलीत घालून गच्चीवर नेल्या आणि कपड्यांच्या दोऱ्यांवर, चादरी सरकवून, एकेका चिमट्यानं वाळत घातल्या.

पेन्सिलीचं अक्षर पाण्यानं जात नाही. एक अक्षरही गेलं नव्हतं. सगळी इमारत गच्चीवर होती आणि वाचत होती.

‘अहो, त्या टोकाला हात लावू नका,’ ही तोंडात चिमटा धरून म्हणाली, ‘“लाइन मारणे” अजून ओलं आहे.’

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी एका चिठ्ठीसमोर उभ्या राहून मोठ्यानं वाचत होत्या : ‘“आमच्या ह्यांना लाइनवर आणायला मला नऊ वर्षं लागली.” पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, बहिणीशी फोनवर, जिन्यात, सकाळी सव्वासात.’

शेजारी त्यांचे यजमान उभे होते. ते हळूच म्हणाले, ‘नऊ?’

‘नऊच. आणि अजून पुरते आलेले नाहीत.’

तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खातेवही तपासावी तसे चालत होते. ‘तारीख! वेळ! ही पाळत आहे, पाळत! माझ्याच अकरा आहेत!’

‘तुमच्या अकरा?’ वहिनी म्हणाल्या. ‘माझ्या सातच?’

सेक्रेटरी पलीकडच्या दोरीशी, एका चादरीच्या आड उभे होते. मग चादरीमागून बाहेर आले आणि म्हणाले, ‘संध्याकाळी सहाला मीटिंग. इथेच. चिठ्ठ्या कुणी हलवायच्या नाहीत. पुरावा आहे.’

मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसलो. छापखान्यात एकदा माझ्या नजरेतून एका लग्नपत्रिकेत वराच्या जागी वराच्या वडिलांचं नाव गेलं होतं. त्या दिवसानंतर जमिनीनं पोटात घ्यावं असं मला पहिल्यांदाच वाटलं. ही येऊन शेजारी बसली.

‘निदान दोऱ्यांवर तरी घालायच्या नव्हत्यास,’ मी म्हणालो.

‘मग कुठे घालायच्या? आणि तुम्ही काय लिहिता ते मी आजच वाचलं. माझ्या बेचाळीस आहेत.’

‘रागावलीस?’

‘बेचाळीस,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, मी बोलते ते तुमच्या कानावरून जातं.’ आणि उरलेले चिमटे मोजायला उठून गेली.

सहाला सगळे जमले. खुर्च्या आणल्या होत्या. प्लंबरही आला होता; त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं असं नंतर कळलं. सेक्रेटरींनी आरोप वाचून दाखवला. त्यात तीन चुका होत्या. मी खिशातला हात खिशातच दाबून धरला.

‘बोला,’ सेक्रेटरी म्हणाले.

मी उभा राहिलो. घरून एक चांगलं वाक्य तयार करून आणलं होतं. ते गेलं. ‘मी... शब्द गोळा करतो,’ मी म्हणालो. ‘एकच. कोशासाठी.’

‘कुणी सांगितलं तुम्हाला?’ बँकवाल्यांनी विचारलं. ‘काही लेखी आहे?’

मी खिसा चाचपू लागलो. तेव्हा हिनं माझ्या खिशातलं चष्म्याचं घर काढलं, त्यातलं पत्र उलगडलं आणि शाळेतल्या मुलीसारखं स्वच्छ वाचलं. ‘हो किंवा नाही, एवढंच कळवा,’ इथे येऊन ती थांबली.

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली.

‘मग काय कळवलंत?’ वहिनींनी विचारलं.

‘अजून काही नाही.’

‘पत्र कधीचं?’

‘अकरा महिने...’ मी म्हणालो, ‘आणि वर काही दिवस.’

त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. पाळत ठेवल्याच्या आरोपावर कुणी एक शब्द बोललं नाही. खटला सगळा त्या पत्रावर फिरला.

‘अकरा महिने!’ वहिनी कडाडल्या. ‘ती बाई बिचारी तिकडे वाट बघतेय, आणि तुम्ही इकडे जिन्यात बसून माझं बोलणं लिहिताय?’

‘पोच तरी द्यायची,’ बँकवाले म्हणाले. ‘आमच्याकडे सात दिवसांत पोच द्यावी लागायची. सात!’

‘किती दिवस उरलेत?’ वहिनींच्या यजमानांनी विचारलं.

‘नऊ,’ मी म्हणालो. ‘मग शब्द प्राध्यापकांकडे जाईल.’

‘कोण प्राध्यापक?’

मी सांगितलं. रेषा, ओळ, रांग. तेवढंच.

‘आणि माझी नऊ वर्षं?’ वहिनी म्हणाल्या. ‘ती नाही येणार त्यात?’

तेव्हा मागून प्लंबर बोलला. इमारतीनं त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं. ‘काका, मला नुसतं विचारायचं होतंत. सांगितलं असतं की. मेन लाइन, वरची लाइन, उतरती लाइन, जोडलाइन, लाइन धरणं, लाइन सोडणं, लाइन मरणं. चांगल्या नळाचा जीव कशाला घेतलात?’

मी वाकून खिशातल्या कागदावर हे सगळं लिहिलं. या खेपेला मी लिहीत असताना लोक थांबले. वहिनींनी तर ‘हळू सांग रे, त्यांचा हात दुखतो’ असं म्हटलं. मी मान वर केली नाही. डोळ्यांत पाणी आलेलं माणसांना दाखवायची मला सवय नाही.

मीटिंग ठराव न होता संपली. चिठ्ठ्या काढायला सगळे आले. घरी आणून मोजल्या. दोनशे अकरा.

पुन्हा मोजल्या. दोनशे अकराच. ८७ नंबरची नव्हती.

८७ कोणती ते मला खोका न बघता माहीत होतं. रविवारी सकाळी दहा वाजता, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, सेक्रेटरी त्यांच्या परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलतात. मी एक वळण वर बसलेला असतो. त्या चिठ्ठीवर वाक्य होतं : ‘हॅलो? हॅलो? लाइन खराब आहे रे, ठेवतो.’ खाली अर्थ : ‘बोलणं पुढे नेववत नाही तेव्हा द्यायचं कारण.’ आणि त्याखाली, बाईंच्या पद्धतीत नसलेलं, माझ्याच आगाऊपणानं कंसात लिहिलेलं : ‘लाइन चांगली होती. मुलगा याही वर्षी येत नाही, हे मला वरच्या पायरीवर ऐकू आलं.’

मी हिला दाखवावं तर चिठ्ठीच नव्हती. सांगितलं. तिनं खोक्याचं झाकण लावलं.

‘ते कंसातलं कशाला लिहिलंत?’

‘खरं होतं म्हणून.’

‘खरं होतं म्हणूनच नको होतं.’

मग मी ठरवलं की बाईंना ‘नाही’ कळवायचं. माणसाचं इतकं आतलं ऐकायचं आणि तारीख-वेळ घालून खोक्यात ठेवायचं, असा कोश माझ्या हातून न झालेला बरा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसलो. ‘नाही’ लिहिलं. तेही उद्धट वाटलं. खोडलं. असे तीन दिवस गेले. चौथा गेला. भिंत उघडी होती. आम्ही खालच्या नळावरून पाणी भरत होतो. वर्षाचे चार दिवस उरले.

त्या सकाळी दार वाजलं. सेक्रेटरी होते. हातात माझा अर्ज होता, मंजूर केलेला, शिक्क्यासह. पाणीखात्याच्या दाखल्याचं त्यांनी नावही काढलं नाही. आत आले, बसले, उघड्या भिंतीकडे पाहत राहिले. हिनं चहा ठेवला आणि, तिला सगळं कळतं, ती शेजारी साखर मागायला गेली. घरात साखर होती.

सेक्रेटरींनी खिशातून चिठ्ठी काढली. मधोमध घडी पडली होती.

‘हे छापणार?’

‘नाव नसतं,’ मी म्हणालो. ‘पण तुम्ही म्हणत असाल तर फाडतो. सगळंच बंद करतोय मी.’

‘का?’

‘मला ऐकायचा काय अधिकार? तुम्ही एकटे असताना...’

‘एकटा कुठे होतो?’ ते म्हणाले. ‘वरच्या वळणावर तुम्ही बसता हे मला माहीत आहे. दर रविवारी तुमची काठी वाजते. मी खालच्या मजल्यावर जाऊनही बोलू शकलो असतो.’

ते भिंतीतल्या पाइपाकडे बघत म्हणाले, ‘घरात बोललं की घर जास्त रिकामं होतं. जिन्यात निदान कुणीतरी असतं.’ मग चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. ‘छापा. असं कारण देणारा मी काही एकटाच नसेन.’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मी तर नळाचं दिलं.’

ते हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ‘फक्त कंसातलं गाळा.’

मी खोडरबर काढलं आणि त्यांच्यासमोर कंस पुसला. पेन्सिल होती, म्हणून निघाला.

‘आणि एक,’ ते उठता उठता म्हणाले, ‘फलकावर लाल पेन चालवायचं नाही.’

‘नाही चालवणार.’

‘नोटीस आधी घरी आणून दाखवीन.’ दारात थांबून ते म्हणाले, ‘ते उत्तर टाकलंत?’

‘आज टाकतो.’

‘आज नाही. आत्ता. टपाल साडेअकराला निघतं.’

मी चपला घातल्या. वहिनी पहिल्या मजल्यावर दारातच होत्या, ‘निघाले एकदाचे!’ असं त्या आत कुणाला तरी म्हणाल्या. टपाल कचेरीत पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. खिशात पेन्सिल नव्हती. टेबलावर खोडरबराशेजारी राहिली होती. खिडकीतल्या बाईंकडून एक कार्ड घेतलं. तिथे दोऱ्यानं बांधलेलं एक शाईचं पेन असतं. मी ते उचललं. दोरा आखूड होता, म्हणून मला कार्डावर अगदी वाकावं लागलं.

पत्ता लिहिला. दुसऱ्या बाजूला लिहिलं : ‘हो.’

खाली सही केली. शाई चांगली काळीभोर उमटली.

‘बाकीचं सगळं कोरंच ठेवणार?’ खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

‘तेवढंच विचारलंय,’ मी म्हणालो. ‘कधी पोचेल?’

‘आत्ता टाकलंत तर परवा.’

परवा. म्हणजे दोन दिवस हातात ठेवून. बाहेर येऊन मी कार्ड पेटीत सोडलं. आत इतर पत्रांवर ते पडल्याचा हलका आवाज आला. सवयीनं हात पुन्हा फटीत गेला, पण ती फट माझ्या मनगटापेक्षा अरुंद निघाली, आणि देव तिचं भलं करो.

घराच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की टाकण्याआधी मी ते वाचून पाहिलं नव्हतं. एकदासुद्धा.

वर आमच्या खिडकीतून छिन्नीचा आवाज येत होता, आणि प्लंबर पाइपाशी बोलत होता.